तिसरा पुकारा

आमच्या घराण्याचा धंदा ओरडण्याचा. पणजोबा होळकरांच्या दरबारात चोपदार होते. महाराज यायच्या आधी पणजोबांचा आवाज यायचा, आणि जुनी माणसं सांगतात की पुष्कळदा आवाजच जास्त रुबाबदार असायचा. आजोबाही चोपदारच. मग संस्थान गेलं, मध्य भारत आला, मग तोही गेला आणि मध्य प्रदेश आला. या येण्याजाण्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की एक चोपदार उरलाय, त्याचं काय करायचं? म्हणून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कोर्टात पुकाऱ्याची नोकरी मिळाली. पणजोबा राजाला हाक मारत, आबा आरोपीला. आवाज तोच.

मी तिसऱ्या पायरीवर. मी टांग्यात बसून टॉकीजच्या खेळांची जाहिरात करतो. टांग्याच्या दोन्ही बाजूंना हिरॉइनच्या तोंडाचे रंगवलेले फलक, मध्ये मी आणि भोंगा. "आज से रोज चार खेल! रोते हुए जाइए, हँसते हुए आइए!" हे वाक्य मी उलटं बोललो होतो, पण पब्लिकला तेच आवडलं म्हणून तसंच ठेवलं.

कोर्टातल्या पुकाऱ्याचा नियम साधा आहे. नाव तीनदा पुकारायचं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर तो गैरहजर. मग वॉरंट निघो, केस खारीज होवो, पुढचं साहेब बघतील. आबा म्हणायचे, "पहिला पुकारा कानासाठी, दुसरा पायासाठी, तिसरा कागदासाठी." सकाळी मला उठवतानाही तेच. ओसरीवरून आवाज यायचा, "शरद वल्द कृष्णराव, हाजिर हो!" तिसऱ्या हाकेला मी उठलो नाही तर आईला सांगायचे, "गैरहजर आहे, त्याचा चहा खारीज." आणि खरंच चहा मिळायचा नाही. आई भांडं विसळून पालथं घालायची. कायदा म्हणजे कायदा.

फाल्गुनात एक दिवस बाबूराव वल्द तुकोजी या इसमाची तारीख होती. त्यानं शेजाऱ्याची सायकल चोरून, तिला हिरवा रंग देऊन, त्याच शेजाऱ्याला विकली होती. आबांनी पहिला पुकारा केला. दुसरा केला. तिसऱ्याला "बाबूराव वल्द तुकोजी, हा" इथपर्यंत आले, आणि "जिर" आलंच नाही. आबा व्हरांड्यात आडवे झाले.

बाबूरावचा वकील हुशार निघाला. तो म्हणाला, साहेब, तिसरा पुकारा पूर्ण झालेला नाही, सबब माझा अशील गैरहजर धरता येत नाही. साहेबांनी थोडा विचार केला आणि पुढची तारीख दिली. आबांना स्ट्रेचरवर घालत होते तेव्हा हे चाललं होतं. बाबूराव स्वतः स्ट्रेचरच्या एका टोकाला होता. म्हणजे तो हजर होता, फक्त त्याला पूर्ण बोलावलं नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात आबांच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं. पाणी लाल निघालं. डॉक्टर म्हणाले, "हॅमरेज आहे. डोक्यात नस फुटली आहे. आता वेट करायचं." आम्ही वेट केलं. आबा जगले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि आवाज गेला. बारीक झाला, घोगरा झाला असं नाही. गेलाच. तोंड उघडायचे, मान ताणायचे, गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि आतून हवा. बंद टॉकीजसारखं. पडदा आहे, खुर्च्या आहेत, मशीनही फिरतंय, खेळ नाही.

घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं. मालिश करा, हात-पाय हलवत राहा. आईनं हे असं ऐकलं की काही महिन्यांत परत येतं. मधले शब्द तिनं सोडून दिले.

वैशाख संपत आला तरी काही आलं नाही. मग आमच्या बडा गणपतीच्या गल्लीतली शांता मावशी म्हणाली, राजवाड्याच्या मागे एक डॉक्टर आहे, चिनी सुया टोचतो, तिच्या जावेच्या भावाचा लकवा गेला.

यावर मालोजीमामा उखडला. मालोजीमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आमच्याकडे जेवायला येणारा आणि जेवून झाल्यावर मत देणारा. फौजेत होता. बासष्टच्या लढाईत तो आघाडीपासून पुष्कळ लांब जबलपूरला होता, पण त्याचा चीनवरचा राग आघाडीवरच होता.

"इंदिरा, शुद्धीवर आहेस का?" तो आईला म्हणाला. "ज्यांनी आपल्या पोरांना मारलं, त्यांच्या सुया आपल्या जावयाला टोचायच्या?"

"दादा, सुया इथल्याच असतील," आई म्हणाली. "टोचायची रीत तेवढी चिनी."

"रीतच तर चिनी वाईट असते! आधी भाई-भाई म्हणायचं आणि मग टोचायचं."

"मामा," मी म्हटलं, "उलट चांगलं आहे. आपण त्यांच्याच सुया वापरून संपवू. त्यांच्याकडे कमी पडतील."

मामानं यावर खरोखर विचार केला आणि परवानगी दिली.

डॉक्टर उदयसिंहांचा दवाखाना भांड्यांच्या ठोक दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. लकव्याचा इलाज आणि पहिला मजला. ज्याला जिना चढता येतो त्याला इलाजाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो खालीच राहतो. खालच्या बाजारातले दोन हम्माल आबांना खुर्चीसकट वर न्यायचे, पितळी हंड्यांच्या मधून, "बाजू भिया, बाजू" करत. घरापासून तिथपर्यंत आम्ही माझ्याच टांग्यातून यायचो. दुसरं वाहन परवडलं असतं, पण टांगेवाला म्हणाला, भिया, रस्ता तोच, टाइम तोच, बापाला पण घेऊन चल. त्यामुळे आबा दोन हिरॉइनींच्या मध्ये, आई भोंग्याशेजारी, आणि मी खेळांच्या वेळा पुकारतोय, अशी आमची वरात निघायची. एकदा एका माणसानं टांगा थांबवून विचारलं, "भिया, ये दादा का रोल क्या है पिक्चर में?" मी म्हटलं, "बाप का." तो म्हणाला, "एक्टिंग जोरदार है."

उदयसिंह गौतमपुऱ्याचे. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांची टोळकी समोरासमोर उभी राहून एकमेकांवर हिंगोट फेकतात. म्हणजे सुकं फळ कोरायचं, आत बारूद भरायची, पेटवायचं आणि माणसावर फेकायचं. देवाधर्माचं असतं ते, भांडण नाही. उदयसिंहांनी तरुणपणी पुष्कळ फेकले होते आणि एक झेललाही होता, डाव्या कानाचा वरचा तुकडा त्यात गेला. मग होमिओपॅथी शिकले, मग कलकत्त्याला जाऊन एका बंगाली डॉक्टरकडे सुया शिकले. माणूस साधा आणि मऊ होता. सुया स्टोव्हवर उकळताना त्यांच्याशी हळू बोलायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी आबांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि आईला समजावून सांगितलं. बोलणं हिंदीत, मधून मालवी. "देखो बाईजी, सुई लगाना बड़ी बात नहीं है. दर्जी भी लगाता है. बड़ी बात ये है कि सुई के अंदर झनझनाहट आनी चाहिए. वो आई तो रास्ता खुला. नहीं आई तो हम खाली कपड़ा सी रहे हैं."

मग त्यांनी आबांच्या मेलेल्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात सुई घातली. दोन बोटांनी ती फिरवली. विचारलं, "आई?"

आबा बघत राहिले.

सुई थोडी आत गेली, पुन्हा फिरली. "आई, दादा? झनझनाहट आई?"

आबांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. तोंड वाकडं झालं. आणि त्या हवेतून, खरखरत, गंजलेल्या हापशातून पहिलं पाणी यावं तसं आलं, "आ... ई."

"आ गई!" उदयसिंह ओरडले. स्टोव्हवरचं भांडं त्यांच्या कोपराला लागून कलंडलं. आई तिथल्या तिथे जमिनीवर बसली आणि हात जोडून रडायला लागली. हम्माल जिन्यात थांबले होते, ते वर येऊन विचारू लागले काय झालं. "आई म्हणाले! बोलले!" मी म्हटलं. खाली भांड्यांच्या दुकानात बातमी पोचली, आणि दुकानदारानं खुशीत एका परातीवर डावानं ठोका मारला. अख्ख्या राजवाड्याला कळलं की कृष्णराव पुकाऱ्याला झनझनाहट आली.

त्या दिवशी गल्लीत पोहे-जिलबी वाटली. मालोजीमामा दोनदा घेऊन म्हणाला, "सुया वाईट नाहीत. सरकार वाईट आहे."

मग रोजचं सुरू झालं. कोपर, मनगट, गुडघ्याच्या खाली, घोट्याजवळ. प्रत्येक सुईला उदयसिंह विचारायचे, "आई?" आणि आबा सांगायचे, "आई." कधी लगेच, कधी सुई फिरवल्यावर. आई शेजारी बसून ऐकायची, आणि प्रत्येक "आई"ला तिची मान हलायची, गाण्यातल्या समेला हलावी तशी. घरी येऊन ती शेजारणींना सांगायची, आज गुडघ्यात आली, आज घोट्यात आली, आता बोटांपर्यंतच राहिलंय. हात मात्र जिथे ठेवू तिथेच राहायचा. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. इतका आज्ञाधारक हात मी पाहिला नाही.

तुम्ही म्हणाल, मराठी माणसं तुम्ही, तुम्हाला तेव्हाच कसं कळलं नाही? इंदूरला नाही कळत. आम्ही घरात मराठी बोलतो, दाराबाहेरच्या ओट्यावर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्ही. वाक्य एका भाषेत निघतं आणि दुसरीत पोचतं. तोंडातून निघालेला शब्द कुठल्या घरचा, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

कळलं ते उदयसिंहांच्या चांगुलपणामुळे. आषाढात एके दिवशी ते म्हणाले, "दादा मराठी आदमी हैं, रोज़ हिंदी में पूछता हूँ, अच्छा नहीं लगता." त्यांनी आईकडून शब्द शिकून घेतला होता. सुई कोपरात घातली, फिरवली, आणि मोठ्या हौसेनं विचारलं, "आली?"

आबा म्हणाले, "आई."

उदयसिंह खूश झाले. आईची मान समेवर हलली. माझी हलली नाही.

माझे वडील दरबारी मराठीतले. "मला मदद पाहिजे" म्हटलं तर "मदत" म्हणून दुरुस्त करायचे. "आली?" असं कुणी विचारल्यावर हा माणूस "आली" म्हणेल, नाहीतर "नाही आली" म्हणेल. आणि नुसतं ऐकलेलं परत म्हणत असते, तरीही "आली"च म्हणाले असते. "आई" म्हणणार नाहीत. आली आणि आई यांच्यात एका ल चा फरक आहे, आणि त्या ल एवढ्या फटीतून मला एकदम आतलं दिसलं. आमच्याकडचा माणूस "आई" म्हणतो ते काही आल्यावर म्हणत नाही. बोट दारात सापडल्यावर म्हणतो. विंचू चावल्यावर म्हणतो.

म्हणजे रोज सकाळी आम्ही त्यांना हिरॉइनींच्या मध्ये बसवून नेत होतो, दोन माणसांनी उचलून वर चढवत होतो, सुया घालून फिरवत होतो, आणि ते "आई, आई" करत असताना बायको, मुलगा, डॉक्टर, हम्माल असे सगळे मिळून आनंदानं माना हलवत होतो.

मी आईला घरी येऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"आई, आबा झनझनाहट आली असं सांगत नाहीयेत. त्यांना दुखतंय. ते आईला हाक मारतायत."

"कुणाच्या आईला?"

"त्यांच्या. जीजीला."

"बघ," ती म्हणाली. आवाज एकदम शांत. "तूच म्हणालास, जीजी. तुझ्या आजीला आनंदीबाई म्हणत होते लोक, आणि हे जीजी म्हणत. जन्मात यांनी तिला आई म्हटलं नाही. मला तर 'अगं'च्या पुढे काही म्हटलं नाही. या घरात आई हा शब्द तू एकटा वापरतोस. मग ह्यांच्या तोंडी तो कुठून येईल? हिंदीतूनच ना?"

कोर्टात असती तर तारीख मिळाली असती असा मुद्दा होता. मालोजीमामा जेवून बसला होता, तो म्हणाला, "मराठी झालं, हिंदी झालं. सुया चिनी आहेत. चिनीत आई म्हणजे काय, ते कुणी विचारलंय का?"

कुणी विचारलं नव्हतं.

"आई, अगं पण दुखलं की सगळेच..." मी पुन्हा सुरू केलं.

"शरद," ती म्हणाली. तांदळातला खडा तिनं शोधून बाजूला टाकला. "एकच शब्द आलाय त्यांना. तोही तू काढून घेणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी मी उदयसिंहांना जिन्यात गाठलं आणि विचारलं. ते घाबरले नाहीत की चिडले नाहीत. कानाचा उरलेला भाग चोळत उभे राहिले. मग वर गेले आणि आबांच्या चांगल्या हाताला नुसतं बोट टेकवून विचारलं, "आई?" आबा गप्प. लकव्याच्या हाताला बोट टेकवलं, सुई नाही. "आई?" आबा गप्प. मग सुई घातली, आणि काही विचारलंच नाही. नुसती फिरवली.

"आई," आबा म्हणाले.

उदयसिंहांनी सुई काढली आणि मला बाहेर नेलं. "तुम सही हो, भिया. माँ को ही बुला रहे हैं." सुई पुसत म्हणाले, "पर मैं भी गलत नहीं. पहले मरे हाथ में दर्द भी नहीं था. दर्द हुआ तो माँ याद आई. माँ याद आई, तो समझो आई."

"आगे क्या आएगा?"

"आना तो चाहिए."

"डॉक्टर साब, आएगा?"

त्यांनी खाली दुकानातल्या हंड्यांकडे पाहिलं. "हिंगोट फेंकते हैं न, तो हाथ से छूटने तक अपना. उसके बाद वो खुद तय करता है." मग म्हणाले, "तुम्हारे बाबा जानें. उनसे पूछो. वो कहें तो कल से बंद."

उनसे पूछो! ज्याच्याकडे एकच शब्द, त्याला काय विचारायचं? मी घरी विचारून पाहिलं. आबा, भूक लागली? "आई." आबा, पंखा बंद करू? "आई." आबा, मी कोण? बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि मग "आई" म्हणाले. मी म्हटलं, बरोबर आहे, तुमच्यासाठी सध्या सगळं मीच करतोय. ते हसले नाहीत. पूर्वी हसायचे असंही नाही. पूर्वी म्हणायचे, "आरोपीनं विनोद करू नये."

तरी विचारायचंच होतं. श्रावण लागला त्या सोमवारी आईचा उपास होता, घरी मामा येणार होता, म्हणून ती मागे राहिली. टांग्यात आबा आणि मी दोघंच. मी भोंगा बंद केला. टांगेवाला म्हणाला, "क्या हुआ भिया, आज खेल नहीं है क्या?" मी म्हटलं, "इंटरवल है."

मग मी आबांना म्हटलं, "आबा, ऐका. तुमच्याकडे एकच शब्द आहे. हो म्हणायला तोच आणि नाही म्हणायलाही तोच. अशी साक्ष कुठल्याही कोर्टात चालत नाही. म्हणून असं करू. आज डॉक्टर विचारतील. इलाज चालू ठेवायचा असेल तर रोजच्यासारखं बोला. थांबवायचा असेल तर बोलू नका. काही झालं तरी बोलू नका. मी समजेन."

ते घोड्याच्या कानांकडे बघत होते. कळलं की नाही, काही पत्ता लागला नाही. फलकावरची हिरॉइन त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, तिलाही कळलेलं दिसलं नाही.

हम्मालांनी वर नेलं. उदयसिंहांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. ते गंभीर चेहऱ्यानं समोर बसले. अंगठ्याच्या बेचक्यातली जागा घेतली, पहिल्या दिवशीचीच. सुई घातली आणि फिरवली.

"आई?"

आबांचा डावा हात, चांगला हात, खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला.

खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो, बोला. बोलले असते तर बरं झालं असतं. एक तर इलाज चालू राहिला असता. नाहीतर, त्यांना काही कळतच नाही, नुसता शब्द गळतोय, हे पक्कं झालं असतं. दोन्ही माझ्या सोयीचं होतं.

उदयसिंहांनी सुई आणखी आत घेतली. "आई, दादा?"

गळ्याच्या शिरा फुगल्या. त्याच शिरा, ज्यांच्या जोरावर अख्ख्या कोर्टाच्या आवारात नाव पोचायचं, झाडावरचे पोपट उडायचे. शब्द तिथपर्यंत आला होता, मला दिसत होता. ओठ उघडायला निघाले आणि आबांनी ते दातांखाली घेतले. एवढी वर्षं ज्या गळ्यानं आवाज बाहेर फेकला, तो आता सगळी ताकद लावून आवाज आत ओढत होता. डाव्या डोळ्यातून पाणी निघालं आणि मिशीत गेलं.

मला एकदम कळलं की आतमध्ये सगळं शाबूत आहे. टांग्यातलं माझं बोलणं शब्दाशब्दाला पोचलं होतं. म्हणजे पहिल्या दिवशीचा परातीवरचा ठोकाही पोचला होता. जिलबी वाटल्याचंही. "मी कोण" हेही. एवढे दिवस मला वाटत होतं की घरात निम्मा माणूस आहे. तो पूर्ण होता. दार तेवढं भिंतीत चिणलं होतं.

"लगी तो है," उदयसिंह हळूच म्हणाले. "आँख देखो. आई है. बोल नहीं रहे."

"हो," मी म्हटलं. "बोलत नाहीयेत. आणखी एकदा विचारा."

"क्यों, भिया? अब तो..."

"नियम आहे. तीनदा."

उदयसिंहांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुईकडे. हात लावला नाही. नुसतं विचारलं, "आई?"

खाली दुकानात कुणीतरी हंडे मोजून एकात एक घालत होतं. आबा माझ्याकडे बघत होते. नजर तीच, सकाळी ओसरीवरून यायची ती, तिसऱ्या हाकेनंतरची.

मी म्हटलं, "गैरहजर."

आबांनी डोळे मिटले. दांड्यावरचा हात सुटला. उदयसिंहांनी सुई काढली, स्पिरिटचा बोळा लावला, आणि जरा वेळ तो हात तसाच हातात धरून बसले.

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर उभी होती. "आज कुठे आली?" तिनं विचारलं. मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, टांग्यातलंही. ती ओरडली नाही. पदर खोचला, आबांना माझ्याबरोबर उतरवून घेतलं, खाटेवर बसवलं, त्यांच्या पाठीमागे उशी लावली. मग म्हणाली, "किती वेळा विचारलं डॉक्टरांनी?"

"तीनदा."

"तीनही पूर्ण?"

"हो."

ती आत गेली. उपासाची साबुदाण्याची खिचडी मामासाठी वाढून ठेवली होती, ती तिनं झाकली. मालोजीमामानं एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे पाहिलं, आणि त्या दिवशी न जेवता गेला. चीनबद्दलही काही बोलला नाही.

त्यानंतर आबांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. पाय दाराला आपटला तरी नाही. ताप आला तरी नाही. एकच होता, तो त्यांनी वापरून टाकला, आणि तोही न बोलून. मी रोज सकाळी टांगा घेऊन निघतो, भोंग्यात ओरडतो, लोक हसतात. बाबूरावची तारीख अजून पडते. मध्ये एकदा तो आबांना बघायला हिरव्या सायकलवर आला होता. कुणाची, ते मी विचारलं नाही.

आई रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आबांचा उजवा हात मांडीवर घेते. तिळाचं तेल लावते, अंगठ्याच्या बेचक्यात स्वतःच्या अंगठ्यानं दाबते, आणि विचारते, "आली?"

आबा आढ्याकडे बघत असतात.

ती जरा थांबते. थोडं जोरात दाबते. "आली का हो?"

आबा गप्प.

मग ती तेलाच्या वाटीवर झाकण ठेवते, हात पदराला पुसते आणि उठते. तिसऱ्यांदा विचारत नाही. कधीच नाही. पुकाऱ्याच्या घरात संसार केलेली बाई आहे. तिसरा पुकारा पुरा झाला नाही तर माणूस गैरहजर धरता येत नाही, हे तिला माहीत आहे.